नोंद चुकली, तर औषधी हरवली

पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. रामनवमीच्या यात्रेस तेथे दूरदूरचे भाविक येतात. या परिसरातील तांड्यांवर जपल्या गेलेल्या वनौषधींच्या ज्ञानावर उद्या एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंध लिहिला आणि तो विद्यापीठ ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात जमा झाला, तर दहा वर्षांनी तो आपणांस सापडेल काय? आमच्या मते याचे उत्तर प्रबंधाच्या गुणवत्तेइतकेच त्याच्या नोंदीवर अवलंबून आहे.

गावाचेच पाहा. कोणी पोहरादेवी लिहितो, कोणी पोहरागड. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या लेखनात हेच गाव अकोला जिल्ह्यात आढळते. शोधयंत्र प्रामुख्याने अक्षरे जुळविते. ही सर्व नावे एकाच स्थळाची, हे त्यास कोणी तरी सांगावे लागते.

औषधींच्या बाबतीत हा घोळ अधिक घातक ठरतो. ‘ब्राह्मी’ म्हणून कोणी बाकोपा मोनिएरी नोंदवितो, तर कोणी सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी. एकीवरील निष्कर्ष दुसरीस लावले गेले, तर वैद्याची योजना आणि औषधालयाची खरेदी, दोन्ही चुकतात. उलटपक्षी गुळवेल, गुडूची व अमृता अशा नावांखाली विखुरलेले एकाच वेलीवरील प्रबंध एकत्र दिसतच नाहीत. ‘शोधगंगे’मुळे देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध घरबसल्या खुले झाले, ही मोठीच सोय, परंतु खुले असणे म्हणजे सापडणे नव्हे.

वस्तुतः हे कार्य आपल्या शास्त्रास नवे नाही. निघंटुकारांनी द्रव्यांचे पर्याय एकत्र गुंफून वर्ग पाडले, ते ओळख पटावी म्हणूनच. तीच शिस्त आज संगणकीय नोंदीस हवी. प्रत्येक प्रबंधाच्या नोंदीत द्रव्याचे पूर्ण लॅटिन नाव, ठरलेले एक संस्कृत नाव, भाषेच्या उल्लेखासह स्थानिक नाव, प्रयोज्य अंग, तसेच गाव, तालुका व जिल्हा यांसाठी स्वतंत्र रकाने असावेत. जुनी नावे पुसू नयेत. ती पर्याय म्हणून जोडावीत.

हा भार एकट्या ग्रंथपालांवर टाकणे अन्यायाचे होईल. ब्राह्मी कोणती, हा निर्णय त्यांचा नव्हे, आपला आहे. म्हणून द्रव्यगुणाच्या अध्यापकांनी प्रमाण नामसूची तयार करून ग्रंथालयांस द्यावी, अनुभवी औषधनिर्मात्यांनी ती तपासावी, आणि मार्गदर्शकांनी नोंद पूर्ण झाल्याखेरीज प्रबंधावर स्वाक्षरी करू नये, असे आम्ही आग्रहपूर्वक सुचवितो.