तेजीत बांधलेला सारा

1836च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात शेत न शेत मोजले. जमिनीची प्रतबंदी केली, भारी काळ्या रानाला सोळा आणे धरून मुरमाड माळापर्यंत उतरते आणे लावले आणि 30 वर्षांचा सारा बांधून दिला. पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात हीच पद्धत गेली. निमगाव केतकीच्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर आज ‘आकारणी’ दिसते, तिचे मूळ याच तालुक्यात आहे.

ती 30 वर्षे संपली, नेमकी जग उलथेपालथे होत असताना. 1861मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्याच सुमारास रेल्वे सोलापूरपर्यंत पोचली. इंदापूर तालुका मुख्यतः ज्वारी-बाजरीचा, तरी धान्याचे भाव आणि मजुरी इथेही चढली. 1865मध्ये युद्ध संपले, मुंबईचा सट्टा कोसळला. तरीही 1867ची नवी आकारणी झाली ती चढ्या भावांच्या हिशेबाने, आणि पुन्हा 30 वर्षांसाठी. तेजी पाहून सावकारांनीही हात सैल सोडला होता. मग भाव उतरले, सारा आणि व्याज मात्र जिथल्या तिथे राहिले. 1873मध्ये व्हिएन्ना आणि न्यूयॉर्कचे बाजार पडून जगभर मंदी पसरली. 1874मध्ये सरकारने सारावाढीला मर्यादा घातली, पण तोवर उशीर झाला होता. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांवर चाल करून खतपत्रे जाळली. पाठोपाठ 1876चा दुष्काळ आला.

भाव पडणे शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहे. तेजीच्या भावाने ठरवलेला बोजा मंदीत फेडायला लावला, तेव्हा शेतकरी मोडला. माझ्या मते सुप्यापासून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत सावकाराइतकाच सरकारचा हिशेब जबाबदार होता.

जगाच्या उलथापालथीने याच तालुक्याला हातही दिला आहे. 1929ला सुरू झालेल्या महामंदीत, 1932मध्ये, सरकारने साखरेला संरक्षण दिले, जावाची साखर मागे हटली आणि नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वालचंद हिराचंदांनी कळंबला कारखाना उभारला. तेच आजचे वालचंदनगर. मंदी तेव्हाही होती, पण धोरण पाठीशी उभे राहिले.

आता याच तालुक्यातल्या डाळिंबाकडे पाहा. बहर धरायचा तर आधी बागेला ताण द्यायचा, पानगळ करायची, मग पाणी आणि खते सोडायची. फळ हाती यायला पुढे सहा-एक महिने. पैसा आधी मातीत जातो, भाव नंतर कळतो. 2022मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले, आणि त्या वर्षी पोटॅशची गोणी 1700 रुपयांवर होती. पोटॅश तर आपण जवळपास सगळे बाहेरून आणतो. 2023च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, युरोपचे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले आणि द्राक्ष-डाळिंबाचे भाडे वाढले. ऑगस्ट 2025मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लावले. तेल्या रोगाने आधीच पोखरलेल्या बागेला हे सगळे एकामागून एक झेलावे लागले.

उसाची कथा याहून बोचरी आहे. 2018पासून व्याजसवलत देऊन सरकारनेच कारखान्यांना इथेनॉल प्रकल्पांसाठी कर्ज घ्यायला लावले. 7 डिसेंबर 2023 रोजी, गाळप ऐन भरात असताना, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदीचा हुकूम निघाला. आठवडाभरात तो सैल केला, पण कोटा बांधूनच. कर्जाच्या हप्त्याला मात्र कोणी कोटा लावला नाही. 1867चा सारा यापेक्षा फार वेगळा नव्हता.

वॉशिंग्टन, मॉस्को, बीजिंग यांची ताकद कशी सरकेल ते निमगावच्या हाती नाही, दिल्लीच्याही पुरते नाही. जोखीम कशी वाटायची आणि बोजा कसा बांधायचा, हे मात्र दिल्ली आणि मुंबईच्या हाती आहे. बागेच्या कर्जाचा हप्ता भावाबरोबर कमी-जास्त व्हावा. निर्यातबंदी किंवा इथेनॉलचा कोटा कोणत्या भावाला, किती साठ्याला लागू होणार, हे बहर धरण्याआधी आणि मोळी टाकण्याआधी जाहीर व्हावे, आणि हंगाम संपेपर्यंत सरकारने त्याला हात लावू नये.