पगार मोठा असला तरी कामगारच

मुळशी तालुक्यातल्या माण-हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये आपल्यातली बरीच मुलं-मुली आज नोकरीला आहेत. अनेकांच्या घरात महिन्याचा ठरलेला पगार आणणारी ही पहिलीच पिढी. युनियनचा विषय काढला की ठरलेलं उत्तर येतं, ‘ते हमालांचं, कारखान्यातल्यांचं. आम्ही प्रोफेशनल.’ त्यांच्याहून कितीतरी जास्त पगार घेणाऱ्या जेट एअरवेजच्या वैमानिकांनाही एके काळी असंच वाटत असणार.

ऑक्टोबर २००८ मध्ये जेटने सुमारे १,९०० जणांना कमी करायचं ठरवलं. त्यातले बरेच जण दाद मागायला राज ठाकरेंकडे गेले. मुंबईतून जेटचं विमान उडू देणार नाही, असा इशारा त्यांनी दिला आणि कंपनीने निर्णय मागे घेतला. नोकऱ्या वाचल्या, चांगलंच झालं. पण आपली संघटना नसली की नेत्याचं दार ठोठवावं लागतं, आणि ते प्रत्येकासाठी उघडतंच असं नाही. आपल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको.

पुढच्याच वर्षी वैमानिकांनी ‘नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड’ स्थापन केली. त्यात पुढे असलेल्या दोघांना कंपनीने काढलं. ८ सप्टेंबर २००९ पासून चारशेहून अधिक वैमानिकांनी एकदम आजारपणाची रजा टाकली. प्रवाशांचे हाल झाले, लाखांत पगार घेणाऱ्यांना कसला संप म्हणून लोकांनी नावंही ठेवली. मुख्य मागणी मात्र पगारवाढीची नव्हती, काढलेल्या सहकाऱ्यांना परत घेण्याची होती. पाच दिवसांत तडजोड झाली, ते परत आले.

संघटनेमुळे कंपनी तरत नाही, हेही सांगितलं पाहिजे. कर्जात बुडालेल्या जेटची विमानं १७ एप्रिल २०१९ ला थांबली, तेव्हा वैमानिकांचे कित्येक महिन्यांचे पगार थकले होते.

हिंजवडीत संप होत नाही. एचआरच्या खोलीत बोलावतात, राजीनामा पुढे ठेवतात. खरी मेख तिथे आहे. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कंपनीने कमी केलं, तर महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार कायद्याने द्यावा लागतो. तुम्ही स्वतःहून राजीनामा दिलात की तो हक्क गेला. तांत्रिक काम करणारा कायद्याने कामगारच, पगार कितीही असो. नव्या औद्योगिक संबंध संहितेत १८,००० रुपयांची मर्यादा आहे ती देखरेखीचं काम करणाऱ्यांसाठी. नुसतं ‘मॅनेजर’ असं पदनाम दिल्याने काम बदलत नाही. वाद झाला तर प्रत्यक्ष काम काय होतं ते पाहिलं जातं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या या संहितेने वाट अरुंदही केली आहे. संपाआधी १४ दिवसांची नोटीस हवी. निम्म्या लोकांनी ठरवून एका दिवशी किरकोळ रजा टाकली तरी तो संप धरला जातो. युनियन नोंदवायला मात्र अजूनही सात जणांच्या सह्यांनी अर्ज करता येतो. मोठ्या कंपनीत शंभर सभासद लागतात.

नाव पाहून घर नाकारलं गेलेल्या मुलाला त्या यादीत पहिलं नाव आपलं नको वाटतं. ही भीती खोटी नाही, तिला भित्रेपणा म्हणू नये. सही त्याने सातवी करावी, सत्तरावी करावी. पण एचआरच्या खोलीत राजीनाम्याचा कागद पुढे आला, तर त्यावर सही करण्याआधी एक दिवस मागून घ्यावा, आणि तो कागद कुणा जाणत्या माणसाला दाखवावा.