दुपारची वीज, सकाळचे पाणी

रत्नागिरीच्या मांडवीत वीज कुणाकडून घ्यायची, हा प्रश्न कुणाला पडत नाही. मुंबईच्या उपनगरांत टाटा की अदानी, असा पर्याय ग्राहकापुढे असतो. मांडवीत महावितरण एके महावितरण. तरीही १ जुलै २०२५ पासून इथल्या घरगुती ग्राहकापुढे एक खरी निवड आली आहे. ती कंपनीची नाही, वेळेची आहे. ज्या घरात वेळेनुसार वापर मोजणारा नवा टीओडी (टाइम ऑफ डे) मीटर बसला, तिथे सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत वापरलेल्या प्रत्येक युनिटमागे ८० पैशांची सूट सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत ती टप्प्याटप्प्याने १ रुपयापर्यंत नेण्याचे जाहीर झाले. दिवसा वीज वापरा आणि बिल कमी करा, एवढाच निरोप त्यातून घरोघरी पोचला. निरोपाची दिशा बरोबर आहे. पण सूट इतकी तोकडी आहे की तिच्यासाठी घराचा दिनक्रम बदलणे बहुतेकांना परवडणार नाही. म्हणून घराने आधी आपला वापर दराच्या कोणत्या टप्प्यात जातो आणि त्याला कोणते यंत्र कारणीभूत आहे हे पाहावे, वेळेचा विचार त्यानंतर करावा. आणि दर ठरवणाऱ्यांना दुपारची वीज खरोखर खपवायची असेल, तर त्यांनी सूट किमान दुप्पट करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही सूट म्हणजे सरकारी औदार्य नव्हे, त्यामागे विजेच्या उत्पादनाचे बदललेले गणित आहे. पूर्वी विजेची चणचण दिवसभर असायची. आता सौर प्रकल्पांमुळे दुपारी वीज मुबलक मिळू लागली आहे. शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी आखलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्याचे लक्ष्यच १६,००० मेगावॉटचे आहे. मात्र सूर्य कलला की ही वीज ओसरते, आणि नेमक्या त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही आणि एसी सुरू होतात. ती खिंड लढवायला कोयना लागते. १,९६० मेगावॉटचा हा जलविद्युत प्रकल्प काही मिनिटांत चालू-बंद करता येतो, म्हणून तो मागणीच्या ऐन वेळेसाठी राखून ठेवला जातो. त्याची मोठी वीजगृहे आपल्याच जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यातल्या पोफळी परिसरात आहेत. पण कोयनेचे पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवण्याला कृष्णा पाणी तंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. म्हणजे संध्याकाळची जादा वीज मुख्यतः त्या मोजक्या पाण्यातून किंवा महागड्या औष्णिक विजेतून येते. एखादे काम संध्याकाळवरून दुपारवर नेणारे घर पूर्ण व्यवस्थेचा खर्च वाचवते, आणि त्या बचतीतला रास्त वाटा त्या घराला मिळाला पाहिजे.

आता घराकडे पाहू. मांडवीसारख्या किनाऱ्यावरच्या वस्तीत विजेची कामे दोन प्रकारची असतात. काही कामांना थांबता येत नाही. मे महिन्यात दमट रात्री एसी लागतो तो रात्रीच लागतो; फ्रीज चोवीस तास चालतो; दिवा अंधार पडल्यावरच लावायचा असतो. दिवसाच्या सुटीचा या कामांना फारसा उपयोग नाही. त्यांची बचत वापराच्या पद्धतीतून होते. १ जानेवारी २०२० पासून नव्या एसींचे मूळ तापमान २४ अंशांवर ठेवणे बंधनकारक झाले, ते याचसाठी. तापमान एका अंशाने वाढवले तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगते. दुसऱ्या प्रकारची कामे थांबू शकतात: विहिरीवरचा पंप, धुलाई यंत्र, इस्त्री आणि मुख्य म्हणजे अंघोळीचे पाणी. पाणी पहाटे लागत असले, तरी ते पहाटेच तापवले पाहिजे असे नाही. चांगल्या आवरणाच्या टाकीत दुपारी तापवलेले पाणी सकाळपर्यंत गरम राहते. वीज साठवायला महागडी बॅटरी लागते, उष्णता साठवायला मात्र एक टाकी पुरते. म्हणूनच वेळेनुसार दराचा प्रश्न किनारपट्टीवर पाण्यापाशी येऊन थांबतो.

पाणी तापवण्याचे सर्वांत काटकसरीचे विजेचे यंत्र म्हणजे हीट पंप. एसी खोलीतली उष्णता बाहेर टाकतो; हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. उष्णता निर्माण करण्याऐवजी तो ती नुसती उचलून नेतो, म्हणून एका युनिट विजेत साधारण तीन युनिटांइतकी उष्णता पाण्याला मिळते. बाहेरची हवा जितकी उबदार, तितके त्याचे काम सोपे. थंड देशांत हिवाळ्यात त्याची दमछाक होते. रत्नागिरीत जानेवारीतही दुपारची हवा तिशी गाठते. चार माणसांच्या घराचा हिशेब मांडू. रोज दीडशे लिटर पाणी १६ अंशांनी तापवायला, थोडी गळती धरून, सुमारे ३ युनिट उष्णता लागते. साध्या गिझरला महिन्याला ९० युनिट पडतील, हीट पंपाला ३०. राज्यातल्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. पहिल्या शंभर युनिटांना वहन आकारासह सुमारे ६ रुपये पडतात, तर पुढच्या दोनशेंना ११ रुपयांच्या आसपास. त्यावर १६ टक्के वीज शुल्क आहेच. वाचलेली युनिटे नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यातून वजा होतात. महिन्याला अडीचशे युनिट वापरणाऱ्या घरात गिझरऐवजी हीट पंप आला, तर ६० युनिटांचे, वीज शुल्क सोडूनही, साडेसहाशे रुपये वाचतात. उलट त्याच गिझरची सगळी ९० युनिटे दुपारच्या वेळेत नेली, तर सूट मिळेल ७२ रुपयांची. यंत्र बदलल्याने होणारा फायदा वेळ बदलण्याच्या फायद्याच्या नऊपट आहे.

त्या ७२ रुपयांतलेही सगळे हाती लागत नाहीत. दुपारी तीनला तापवलेले पाणी सकाळी सहाला वापरायचे, तर टाकी पंधरा तास उष्णता गमावत राहणार. या काळात पाव युनिट उष्णता जरी गेली, तरी ती भरून काढायला ११ रुपयांच्या दराने पावणेतीन रुपये लागतात. दिवसाच्या ३ युनिटांवर मिळणारी सूट मात्र २ रुपये ४० पैसे. म्हणजे साध्या गिझरवाल्याने सरकारचे ऐकून काम दुपारवर नेले, तर तो किंचित तोट्यातच जाईल. हीट पंपाच्या बाबतीत तेवढीच गळती एक तृतीयांश विजेत भरून निघते, शिवाय दुपारच्या उबदार हवेत त्याला पहाटेपेक्षा वीज कमी लागते. म्हणून त्याचे पारडे दुपारकडे झुकते, पण तेही जेमतेम. सूट कमी आहे ही तक्रार नुसती भावनेची नाही, ती या हिशेबातून आलेली आहे. पाणी साठवून ठेवण्याचा खर्चही जी सूट भरून काढत नाही, ती कुणाचीही सवय बदलू शकत नाही.

किती सूट असावी, याचे उत्तर केंद्राच्या नियमांत आहे. वीज ग्राहक हक्क नियमांत जून २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार शेती वगळता इतर ग्राहकांना १ एप्रिल २०२५ पर्यंत वेळेनुसार दर लागू व्हायचे होते, आणि सौर तासांतला दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचा होता. आपल्याकडे १०१ ते ३०० युनिटांच्या टप्प्यात ऊर्जा आकार १० रुपयांच्या आसपास आहे. त्यावर ८० पैसे म्हणजे जेमतेम ८ टक्के. पहिल्या टप्प्यात हेच प्रमाण बरे दिसते, पण तिथल्या घरांकडे हलवण्याजोगा वापरच थोडा असतो. इतर देशांनी काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये १९७८ पासून रात्रीचे सात तास स्वस्त दराने वीज देणारी योजना चालत आली. तिथे रात्री केंद्रे चालूच ठेवावी लागत आणि गिऱ्हाईक नसे, म्हणून रात्रीचा दर इतका खाली आणला की लाखो घरांनी रात्रभर उष्णता साठवणारे हीटर बसवले. दक्षिण ऑस्ट्रेलियात छतावरच्या सौर विजेचा पूर आल्यावर २०२० मध्ये सकाळी १० ते दुपारी ३ या वेळेतला वीज वहनाचा आकार नेहमीच्या एक चतुर्थांशावर आणला गेला आणि पाण्याच्या टाक्या रात्रीऐवजी दुपारी तापवण्याकडे कल वळला. दोन्हीकडे दरातली दरी ठळक होती, म्हणून लोकांनी यंत्रे बदलली.

यावर पहिला आक्षेप असा की मोठी सूट म्हणजे सुस्थितांना बक्षीस; हीट पंप घेणारे घर गरीब नसते आणि त्याच्या सुटीचा भार शेवटी सगळ्यांवर पडतो. आक्षेप गंभीर आहे. पहिल्या शंभर युनिटांचे संरक्षण कायम राहिलेच पाहिजे. पण सूट उत्पादनखर्चातल्या खऱ्या फरकावर आधारलेली असेल, तर तिचा भार कुणावर पडत नाही. दुपारी वाढलेला वापर संध्याकाळची महाग खरेदी टाळतो आणि त्याचा लाभ सर्वांच्या दरात उतरतो. शिवाय आजची टप्प्यांची रचना नकळत चुकीच्या माणसाला शिक्षा करते. गॅस गिझर काढून हीट पंप लावणाऱ्या घराचा विजेचा वापर महिन्याला ३० युनिटांनी वाढतो आणि ती सगळी वाढ महागड्या टप्प्यात मोजली जाते, मग ती भर दुपारी, वीज मुबलक असताना का झालेली असेना. दुसरा आक्षेप, दिवसभर घराबाहेर असणाऱ्यांना या सुटीचा काय उपयोग? त्यांना पंखा-एसीसाठी नाही, पण पाण्यासाठी आहे. टायमर लावलेला हीट पंप घरात कुणी नसतानाही दुपारी बारा ते तीन चालू शकतो. नोकरदार घराला नेमकी हीच सोय हवी असते.

तिसरा आक्षेप मीटरवरच्या अविश्वासाचा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. स्मार्ट प्रीपेड मीटरला राज्यभर इतका विरोध झाला की जून २०२४ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांना ते बसवणार नसल्याचे सरकारला जाहीर करावे लागले. त्यानंतर आलेल्या टीओडी मीटरकडे लोक संशयाने पाहतात, यात नवल नाही. हा संशय जाहिरातींनी फिटणार नाही. तो फिटेल प्रत्येक बिलावर छापलेल्या तुलनेने: या महिन्यात तुम्ही दिवसा किती युनिट वापरली, सूट किती मिळाली, आणि सूट नसती तर बिल किती आले असते. पुढे संध्याकाळच्या वापरावर अधिभार आलाच, तर ही तुलना अधिकच गरजेची ठरेल. केंद्राच्या नियमांत तशी तरतूद आहे, म्हणून ग्राहकाने आत्तापासून आपल्या तासांचा हिशेब ठेवायला शिकावे.

चौथा आक्षेप खर्चाचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घरगुती हीट पंपाची किंमत लाखाच्या घरात जाते. महिन्याला साडेसहाशे रुपये वाचले, तर चार माणसांच्या घराला ती वसूल व्हायला बारा-तेरा वर्षे लागतील; आणि मांडवीच्या खाऱ्या हवेत यंत्राच्या बाहेरच्या पत्र्याला आणि ॲल्युमिनियमच्या पात्यांना गंज लवकर धरतो, तेव्हा संरक्षक लेप दिलेलेच यंत्र घ्यावे लागेल. वाडीत चुडते आणि सोडणे मुबलक असतील आणि पहाटे बंब पेटवणारे कुणी असेल, तर त्या घराला आज हीट पंप घ्या असे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सौर बंबाचा पर्यायही चांगला आहे. पण वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या भागात पावसाळ्याचे चार महिने त्याला विजेचा आधार लागतोच. आज हीट पंप परवडतो तो सात-आठ माणसांच्या एकत्र कुटुंबाला किंवा पाहुण्यांना खोल्या देणाऱ्या घराला, जिथे पाणी दुप्पट लागते आणि पैसे सहा-सात वर्षांत सुटतात. ही मर्यादा कायमची मात्र नाही. एलईडी बल्बची सरकारी खरेदीची किंमत २०१४ मध्ये ३१० रुपये होती; एकत्रित मोठ्या खरेदीमुळे २०१६ मध्ये ती ४० रुपयांच्या आत आली. हीट पंप बल्बाइतका स्वस्त होणार नाही, पण घाऊक खरेदी आणि दुपारी २० टक्के सूट एकत्र आली, तर मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात तो नक्की येईल.

तोवर मांडवीतल्या घराने काय करावे? आधी वर्षभराची बिले काढून आपण कोणत्या टप्प्यात जातो ते पाहावे. तीनशेच्या वर जाणाऱ्या महिन्यांत वापर खाली आणणे हीच सर्वांत मोठी बचत आहे. मग थांबू शकणारी कामे वेगळी काढावीत. पंप, धुलाई आणि इस्त्री दुपारी न्यायला खर्च नाही, म्हणून ती आजच न्यावीत. पाण्याचे काम मात्र साध्या गिझरवर दुपारी नेण्याची घाई करू नये; गिझर बदलायची वेळ येईल तेव्हा हीट पंपाचा हिशेब करावा आणि घेतला तर त्याला टायमर लावूनच घ्यावा. एवढे घर करू शकते. उरलेले महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने करायचे आहे: दुपारची सूट ऊर्जा आकाराच्या २० टक्के करावी, आणि दुपारी वापरलेल्या युनिटांनी ग्राहकाला वरच्या टप्प्यात ढकलू नये. दरनिश्चितीच्या जनसुनावण्यांत आजवर उद्योगांचे प्रतिनिधी आणि मोजक्या ग्राहक संघटनाच हिरिरीने बोलल्या. पुढच्या सुनावणीत कोकणातल्या घरगुती ग्राहकांनीही आपल्या तासांचा हिशेब घेऊन बोलावे. कारण तिथे ठरणारा आकडा आपली सवय बदलण्यासारखा आहे की नाही, हे त्यांच्याइतके नेमके दुसरे कुणी सांगू शकणार नाही.