थेंबाची शिकवण

मोडनिंबच्या परिसरांत पाण्याच्या थेंबाचें मोल कोणास सांगावयास नको. परंतु हाच थेंब रसायनशास्त्राचें उपकरण होऊं शकतो, याकडे आपलें लक्ष क्वचितच जातें.

शेततळ्याच्या प्लॅस्टिकच्या कागदावर थेंब गोळा होऊन राहतो. स्वच्छ कांचेवर तो पसरतो. पदार्थाच्या अगदीं वरच्या थरांत कोणते अणुसमूह बाहेर तोंड करून आहेत, यावर हें अवलंबून असतें. डोळ्यांत घालावयाच्या मऊ काँटॅक्ट लेन्सचेंच पाहा. तिच्या रेणूंच्या लांब सांखळ्यांस पाण्याची आवड असणारे व नावड असणारे, असे दोन्ही प्रकारचे समूह जोडलेले असतात. हवेंत नावड असणारे समूह बाहेर येतात. पाण्यांत बुडवितांच ते आंत वळतात व दुसरे पुढें होतात. 1975 सालीं हॉली व रेफोजो यांनीं हें थेंबाच्या कोनावरूनच ताडलें.

शास्त्रास महाग यंत्रेंच हवींत, असें मानून पालकांनीं निराश होऊं नये. जर्मनींतील ॲग्नेस पॉकेल्स यांस विद्यापीठाचें शिक्षण मिळालें नाहीं. तरी त्यांनीं घरींच पाण्याच्या पृष्ठभागाचे प्रयोग केले, व ते 1891 सालीं 'नेचर' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाले.

म्हणून आमचें मत असें कीं, उत्तरें घोकण्याच्या तासांतून एक तास काढून विद्यार्थ्यांपुढें कांच, प्लॅस्टिकचा तुकडा व पाणी ठेवावें, आणि 'असें कां होतें?' हा प्रश्न त्यांनाच विचारूं द्यावा.