नेम कशावर धरावा

धान निसवून लोंबांत दूध भरू लागले म्हणजे साकोलीच्या परिसरात पोपटांचे थवे उतरतात, आणि त्यांच्या बंदोबस्तासाठी म्हणून कोणे एके काळी खरेदी केलेली छऱ्याची बंदूक येथील एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर, रिकाम्या पेट्यांच्या आडोशाला, गोणपाटात गुंडाळलेली अजूनही सापडते. १९५१ साली मालगुजारी खालसा झाली, गावोगावचे तलाव सरकारजमा झाले, दप्तरे मुलकी खात्याकडे गेली. परंतु जिच्यावर कोणत्याच खात्याने हक्क सांगितला नाही, ती ही बंदूक जागच्या जागी गंजत राहिली. घर आवरताना ती हाती लागली की तिची विल्हेवाट बहुधा दोन प्रकारांनी लागते : एक तर ती भंगारवाल्याच्या तराजूत जाते, नाही तर काळा रंग फासून दिवाणखान्यातील भिंतीवर टांगली जाते. मला हे दोन्ही मार्ग पसंत नाहीत. ती दुरुस्त करावी, चालती करावी, आणि तत्पूर्वी नेम कशावर धरावयाचा याचा निर्णय करावा, असे माझे मत आहे.

आमच्या आजोबांच्या बंदुकीच्या लोखंडावर ‘आयएचपी’ ही इंग्रजी अक्षरे कोरलेली आहेत. वालचंद हिराचंद यांनी १९२६ साली उभारलेल्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीची ही आद्याक्षरे. सिमेंटच्या नळ्यांतून गावांना पाणी पुरविणाऱ्या या कंपनीने छऱ्याच्या बंदुकाही घडविल्या, ही गोष्ट नव्या पिढीस बहुधा ठाऊक नसावी. हिची रचना साधी आहे. नळी मधोमध मोडून खाली दाबली की आतील दट्ट्या मागे सरतो, त्याच्या मागची जाड स्प्रिंग आवळली जाते आणि चापाचा दात तिला अडवून धरतो. चाप ओढताच दट्ट्या पुढे झेपावतो, नळकांड्यातील हवा क्षणार्धात दाबली जाते आणि साडेचार मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा बाहेर पडतो. दारू नाही, काडतूस नाही. सारी मदार दट्ट्याच्या तोंडाशी बसविलेल्या चामड्याच्या एका वायसरवर.

हे वायसर काढावयाचे म्हणजे अर्धा दिवस जातो, कारण स्प्रिंग मोकळ्या बंदुकीतही काही अंशी आवळलेलीच असते आणि मागची खीळ बेसावधपणे उपसणाऱ्याच्या छातीवर ती झडप घालते. सुताराच्या शिकंज्यात नळकांडे धरून, वळसा वळसा सैल करीत, मी ती बाहेर काढली. चामडे हाताला लाकडासारखे लागत होते. टाकूनच द्यावे अशा विचाराने बाजारातील एका वृद्ध मोच्याकडे नवे कापून घ्यावयास गेलो, तर त्याने ते नखाने दाबून पाहिले आणि म्हटले, “हे वाळलं आहे जी, सडलं नाही.” रात्रभर कोमट पाण्यात आणि नंतर तीन दिवस चरबीत मुरविल्यावर त्याच चामड्याने पुन्हा वाटीसारखा आकार धरला. वाळलेले आणि सडलेले यांतील हा भेद ओळखणे हेच दुरुस्तीचे अर्धे शास्त्र होय.

दस्त्याला लागणारे औषध तर आमच्या बांधावरच होते. भंडाऱ्याच्या धानाच्या बांध्यांत कापणीपूर्वीच्या ओलीवर उतेरा पद्धतीने जवस पेरतात. त्याच जवसाच्या तेलाचा बोटावर मावेल एवढा थेंब घेऊन, तळहाताने चोळून, सुकू देऊन, पुन्हा चोळून, असे महिनाभर केले असता लाकडाचा मूळ रंग आतून उजळून येतो. कच्चे तेल सुकावयास फार वेळ लावते. घाई करणाऱ्याचा दस्ता वर्षभर चिकटच राहतो.

उत्साहाच्या भरात मीही एक अपराध केलाच. लोखंडाला तेल हितकारक, तर अधिक तेल अधिक हितकारक, या हिशेबाने मी दट्ट्याच्या पुढच्या पोकळीत चमचाभर यंत्रतेल ओतले. पहिलाच बार फटाक्यासारखा वाजला, नळीतून निळसर धूर निघाला आणि जळक्या तेलाचा वास अंगणभर पसरला : दाबलेल्या हवेच्या उष्णतेने, डिझेलच्या यंत्रात घडते त्याप्रमाणे, तेल पेटले होते. असे वारंवार घडल्यास वायसर जळते आणि स्प्रिंगही तुटते. अधिक जोरदार स्प्रिंग बसविण्याचा मोह हा याचाच थोरला भाऊ. जुनी यंत्रणा तो जोर सोसत नाही. आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनी साडेचार मिलिमीटर व्यास व वीस ज्यूल शक्ती ही जी परवानामुक्तीची हद्द आखली आहे, तीही अशाने ओलांडली जाण्याचा संभव असतो. वस्तू पूर्ववत करणे निराळे आणि तिच्याकरवी आपली हौस पुरवून घेणे निराळे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. साकोलीपासून जवळच नागझिऱ्याचे अरण्य आहे. १९७० साली ते अभयारण्य झाले आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीस मनाई केली; तथापि तितर-होल्यांवर आणि पोपटांवर छर्रा झाडणे हा अपराध आहे, हे आमच्या बऱ्याच सुशिक्षित घरांतही आजतागायत गांभीर्याने घेतले जात नाही. आजोबांच्या काळी ते रीतसर होते, हे समर्थन पुरेसे नाही. आजोबांची बंदूक वारशाने येते, म्हणून आजोबांचे लक्ष्यही वारशाने घ्यावे असे नाही.

याबाबतीत सलीम अलींचे उदाहरण मननीय आहे. १९०८ च्या सुमारास मुंबईत एका पोरवयाच्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावरचा पिवळा ठिपका पाहून तो चक्रावला, आणि त्याचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठविले. भारतीय पक्षिशास्त्राचा एक मोठा अध्याय तेथून सुरू झाला, आणि १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्राचे नावही सलीम अलींनी त्या चिमणीच्या पतनावरूनच ठेवले. अभ्यासासाठी त्यांनी पुढेही पक्षी टिपले, हे खरे. परंतु त्या दिवशी छर्रा लागल्यावर तो मुलगा थांबला आणि त्याने विचारले की हे काय आहे. आमच्याकडे मारणारे हात होते. विचारणारी तोंडे मात्र क्वचित होती.

नेमबाजीची हौस ज्यास आहे, त्याला कागद पुरेसा आहे. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यपत्रावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटरचा असतो. याच प्रकारात अभिनव बिंद्रांनी २००८ साली बीजिंगला सुवर्णपदक मिळविले आणि ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोमध्ये विश्वविजेता ठरला. त्यांची आधुनिक यंत्रे आमच्या मोडक्या-जोडक्या बंदुकीहून सर्वस्वी भिन्न, पण छऱ्याचा व्यास तोच. तालुक्याच्या शाळेत वाळूच्या पोत्यांची एक भिंत, दहा मीटर मोकळी जागा आणि शिस्त लावणारा एक शिक्षक, एवढ्या सामग्रीवर हा खेळ सुरू होऊ शकतो. अशी दरखास्त शाळासमित्यांनी अवश्य करावी.

आमच्या परसात पोत्याला टाचलेल्या कागदावर मी परवा दहा छर्रे झाडले. सात कागदावर लागले, मधल्या ठिपक्यावर एकही नाही. पहिल्या आवाजाला चिंचेवरचे पोपट उडाले. तिसऱ्यापासून त्यांनी माझी दखल घेणे सोडले आणि ते निर्धास्तपणे बांधीत उतरले. त्यांनी खाल्लेले धान मी यंदाच्या जमाखर्चात तूट म्हणून मांडणार आहे.