खोली नव्हे, छत मारते : जलमग्न गुहांविषयी थोडेसे

ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या दोन जलयात्रींनी 'नॉटील' या फ्रेंच पाणबुडीतून अटलांटिक महासागरात बुडी घेतली. पहिल्या दिवशी त्यांतला एक जण ४,०२५ मीटर आणि दुसऱ्या दिवशी दुसरा ५,००२ मीटर खोल गेला. 'मत्स्य-६०००' या आपल्या स्वदेशी पाणबुडीच्या पूर्वतयारीचा हा भाग होता आणि त्या यशाचा आनंद आपण सर्वांनी घेतला. मी तंजावरात संशोधन आणि थोडेफार अध्यापन करते. त्या आठवड्यात इथल्या एका विद्यार्थ्याने मला प्रश्न विचारला. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तंजावरी मराठी बोलली जाते, म्हणून वर्ग संपल्यावर तो माझ्याशी मराठीत बोलतो. त्याने विचारले, "मॅडम, आपली माणसे पाच हजार मीटर खाली जाऊन सुखरूप परत आली. मग मेघालयातल्या त्या खाणीत आपल्याला का जाता आले नाही? ती तर चारशे फूटही नव्हती."

तो डिसेंबर २०१८ मधील क्सान येथील दुर्घटनेविषयी बोलत होता. पूर्व जयंतिया टेकड्यांतील एका बेकायदा 'रॅट-होल' कोळसाखाणीत १३ डिसेंबरला पाणी घुसले आणि पंधरा कामगार आत अडकले. खाणीचा उभा खड्डा सुमारे ३७० फूट खोल होता आणि त्याच्या तळापासून माणूस जेमतेम सरपटू शकेल अशी आडवी बिळे फुटलेली होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आले, नौदलाचे पाणबुडे आले, पंप आले. तरी पाणी हटेना. अखेर महिन्याभराने, जानेवारी २०१९ मध्ये, नौदलाच्या दूरनियंत्रित यंत्राला एक मृतदेह दिसला. एकही कामगार जिवंत बाहेर आला नाही.

या प्रश्नाचे एका वाक्यात द्यायचे उत्तर असे : खोली मारत नाही, छत मारते. हे वाक्य नीट उलगडून सांगण्यासाठीच हा लेख.

पाण्यात दर दहा मीटरला साधारण एक वातावरणाइतका दाब वाढतो. पाच हजार मीटरवर तो सुमारे पाचशे वातावरणे होतो. पण पाणबुडीतील माणसाला त्यातले काहीच सोसावे लागत नाही. तो धातूच्या जाड गोलात बसतो आणि आतला दाब आपल्या बैठकीच्या खोलीइतकाच असतो. काही बिघडले तर वजने सोडून देता येतात आणि पाणबुडी आपोआप वर तरंगत येते, कारण वर मोकळे पाणी असते आणि त्याच्याही वर आकाश. जलमग्न गुहेत मात्र माणसाचे उघडे शरीर दाबाखाली असते आणि डोक्यावर खडक असतो. तिथे 'वर' या दिशेला अर्थ उरत नाही. परतीची वाट एकच, ज्या वाटेने आलो ती. मग ती वाट दिसो वा न दिसो.

आता हवेचा हिशेब मांडू. बारा लिटरचा सिलिंडर २०० बार दाबाने भरला, तर त्यात सुमारे २,४०० लिटर हवा मावते. शांतपणे पोहणारा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला वीस लिटर हवा घेतो असे धरू. म्हणजे दोन तासांची बेगमी झाली. पण तीस मीटर खोलीवर दाब चौपट असतो, म्हणून प्रत्येक श्वासात चौपट हवा जाते. मिनिटाला ऐंशी लिटर. दोन तासांचा अर्धा तास झाला. गुहेत पोहणारे जाणते पाणबुडे या अर्ध्या तासाचे तीन भाग करतात. एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि एक तृतीयांश संकटासाठी. म्हणजे आत जायला फक्त दहा मिनिटे.

हा तिसरा हिस्सा अतिसावधपणा वाटतो खरा. पण गणित करून पाहा. आत टोकाला पोहोचल्यावर सोबत्याचे उपकरण बिघडले, तर १,६०० लिटर हवेवर दोघांना परतायचे आहे. दोघे मिळून मिनिटाला १६० लिटर घेतात. हवा बरोबर दहा मिनिटे पुरते, आणि वाटही दहाच मिनिटांची आहे. त्यात भीतीने श्वासाचा वेग दुप्पट झाला, की हातात पाच मिनिटे उरतात. वाट मात्र दहाच मिनिटांची राहते. ज्या नियमाला नवशिके 'भित्रेपणा' म्हणतात, तो प्रत्यक्षात जगण्याची किमान अट आहे.

दुसरा शत्रू गाळ. गुहेच्या तळाशी शतकानुशतके न हललेली माती असते आणि पायाच्या एका निष्काळजी फटक्याने ती उसळते. स्टोक्सचा नियम आपण बारावीत केवळ गुणांसाठी शिकतो. तो इथे लावून पाहा. दोन मायक्रोमीटर व्यासाचा मातीचा कण स्थिर पाण्यात तासाला साधारण सव्वा सेंटिमीटर खाली बसतो. एक मीटर उतरायला त्याला तीन दिवस लागतात. पाणबुड्याकडे अर्धा तास असतो. म्हणून पाणी निवळण्याची वाट पाहणे हा पर्यायच नसतो. त्या आंधळ्या पाण्यात तोंडापर्यंत अखंड आखलेला दोर हाताला लागला, तर माणूस वाचतो.

अमेरिकेच्या शेक एक्सले यांनी १९७९ मध्ये अशा अपघातांचा अभ्यास करून एक पुस्तिका लिहिली. बहुतेक मृत्यूंमागे त्यांना तीनच चुका दिसल्या : अखंड दोर नसणे, परतीसाठी दोन तृतीयांश हवा न राखणे आणि साध्या हवेवर फार खोल जाणे. तिन्ही चुका टाळता येण्याजोग्या होत्या. पण कथा इथे संपत नाही. हेच एक्सले ६ एप्रिल १९९४ रोजी मेक्सिकोतील झाकातोन या अथांग जलविवरात हजार फुटांचा टप्पा गाठण्याच्या प्रयत्नात मरण पावले. नियम लिहिणारा माणूसही नियमांच्या पलीकडल्या खोलीत वाचत नाही.

दक्षिण आफ्रिकेतील बोसमन्सगाट येथे जानेवारी २००५ मध्ये डेव्ह शॉ २७० मीटर खाली उतरले. दहा वर्षांपूर्वी तिथे बुडालेल्या एका तरुणाचा मृतदेह त्याच्या आईवडिलांना परत मिळवून देणे, हा त्यांचा हेतू होता. त्या खोलीवर श्वासाचा वायू इतका दाट होतो, की तो आतबाहेर ढकलणे हेच श्रमाचे काम बनते. श्रम वाढले की शरीरात कार्बन डायऑक्साइड साचतो, तो साचला की श्वास आणखी वेगाने आणि उथळ होतो, आणि हे चक्र तुटत नाही. शॉ तिथेच गेले. हेतू कितीही उदात्त असला, तरी वायूची घनता बदलत नाही.

मग माणसे तिथे जातात तरी कशाला? केवळ थरारासाठी, असे म्हणून हा विषय झटकून टाकणे सोपे आहे. मला ते अन्यायाचे वाटते. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात २००७ मध्ये पाणबुड्यांना 'ओयो नेग्रो' नावाचे एक जलमग्न विवर सापडले. त्याच्या तळाशी लुप्त झालेल्या प्राण्यांच्या हाडांसोबत एका किशोरवयीन मुलीचा सांगाडा होता, सुमारे बारा ते तेरा हजार वर्षांपूर्वीचा. अमेरिका खंडात पहिली माणसे कुठून आली, या वादात त्या मुलीची साक्ष आज मोलाची ठरली आहे. जलमग्न गुहांच्या छतांना चुन्याचे लवणस्तंभ लोंबताना दिसतात. असे स्तंभ थेंबाथेंबाने आणि केवळ हवेतच वाढतात. म्हणजे जिथे आज पाणी आहे, तिथे एके काळी कोरडी गुहा होती. गेल्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, याची नोंद त्या दगडाने जपून ठेवलेली असते.

आपल्याकडेही ही संपत्ती थोडी नाही. मेघालयातील मॉम्लूह गुहेतल्या एका लवणस्तंभावरून पृथ्वीच्या इतिहासातील चालू कालखंडाला २०१८ मध्ये 'मेघालयन' हे नाव मिळाले. जयंतिया टेकड्यांतील उम लाडॉ गुहेच्या पाण्यात जगातील सर्वांत मोठा भूगर्भवासी मासा राहतो; २०२३ मध्ये स्थानिक पनार लोकांच्या नावावरून त्याचे नामकरण झाले. केरळात जांभ्या दगडाच्या पोटातील पाण्यात 'होराग्लॅनिस' वंशाचे आंधळे, रक्तवर्णी, बोटभर मासे राहतात. त्यांतील अनेक नमुने शास्त्रज्ञांना मिळाले ते विहिरीतून पाणी शेंदणाऱ्या सामान्य लोकांमुळे. तोच जांभा आपल्या कोकणातही पसरलेला आहे. शोधासाठी प्रत्येक वेळी जीव पणाला लावावा लागतो असे नाही. कधी बादली आणि जागा डोळा पुरतो.

आता पुन्हा त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे. क्सानच्या आधी पाचच महिने थायलंडच्या थाम लुआंग गुहेत बारा मुले आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले होते. २३ जून २०१८ ला ते आत गेले, २ जुलैला सापडले आणि ८ ते १० जुलै दरम्यान सर्व तेरा जण जिवंत बाहेर आले. त्या कामी मराठी माणसाने अभिमान बाळगावा असा एक धागा आहे : पाणी उपसण्याबाबत सल्ला देण्यासाठी भारतीय दूतावासाच्या शिफारशीवरून किर्लोस्कर ब्रदर्सचे अभियंते तिथे पोहोचले होते. या बचावाची किंमतही मोजावी लागली. थायी नौदलाचे माजी पाणबुडे समन कुनान ६ जुलैला गुहेत हवेचे सिलिंडर ठेवून परतताना मृत्युमुखी पडले.

पण मुलांपर्यंत सर्वप्रथम कोण पोहोचले? रिक स्टँटन आणि जॉन व्होलॅन्थन. एक निवृत्त अग्निशामक आणि दुसरा संगणक क्षेत्रातला सल्लागार. दोघांनीही इंग्लंडच्या थंड, गढूळ गुहांत वर्षानुवर्षे केवळ हौसेपोटी बुड्या मारल्या होत्या. मुलांना बेशुद्ध करून बाहेर आणण्याची जबाबदारी घेणारे ऑस्ट्रेलियन भूलतज्ज्ञ रिचर्ड हॅरिस हेही हौशी गुहा-पाणबुडेच. शूर नौदलाकडे जे कौशल्य नव्हते, ते छंद जोपासणाऱ्या मूठभर लोकांकडे होते.

ही गोष्ट महाराष्ट्राला नवी वाटू नये. त्याच महिन्यात, २८ जुलै २०१८ रोजी, दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात कोसळली आणि तीस जण गेले. त्या दरीत दोर लावून उतरणाऱ्यांत महाबळेश्वर-पोलादपूर परिसरातील ट्रेकर मंडळी होती. वर्षानुवर्षे ज्यांना 'रिकामटेकडे' म्हणून हिणवले जाते, त्यांनाच अशा वेळी पोलीस फोन करतात. छंद हा समाजाचा राखीव साठा असतो. आपण डोंगरांसाठी तो नकळत उभा केला. गुहेतल्या पाण्यासाठी केला नाही. क्सानच्या काठावर हीच उणीव उभी होती. जानेवारी २०२५ मध्ये आसामच्या उमरांगसो येथे पुन्हा नऊ कामगार पाण्याने भरलेल्या खाणीत अडकले आणि पुन्हा कोणीही जिवंत परतले नाही.

यावर यंत्रांचा मुद्दा हमखास निघतो, आणि तो वजनदार आहे. ज्या झाकातोनमध्ये एक्सले गेले, तिथेच २००७ मध्ये 'डेप्थ-एक्स' या स्वयंचलित यंत्राने तीनशे मीटरहून खोल तळापर्यंतचा नकाशा काढला आणि कोणाच्याही घरी दुःखाची बातमी गेली नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनेही 'माया' नावाचे स्वयंचलित जलयान बनवले आहे. म्हणजे पायाभूत विद्या आपल्याकडे आहे. मापन, नमुने, शोध ही कामे शक्य तितकी यंत्रांवर सोपवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र अंधारात थरथरणाऱ्या मुलाच्या तोंडावर मुखवटा नीट बसवून त्याला कवेत धरून आणणारे यंत्र अजून बनलेले नाही. ते बनेपर्यंत माणसे लागतील, आणि ती ऐनवेळी तयार होत नाहीत.

म्हणून माझ्या मागण्या तीन. आपत्ती दलात छताखालच्या पाण्यासाठी प्रशिक्षित अशी एक लहान तुकडी असावी आणि तिला परदेशी तज्ज्ञांसोबत नियमित सराव मिळावा. अरुंद, गढूळ बिळांत चालणारी छोटी यंत्रे बनवण्याचे काम आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना द्यावे. आणि सर्वांत आधी, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये मेघालयात बंदी घातलेल्या खाणी खरोखरच बंद व्हाव्यात. हौशी माणूस गुहेत स्वेच्छेने उतरतो. खाणकामगाराला पोट उतरवते. या दोन धोक्यांना एकाच तराजूत तोलणे अनैतिक आहे.

विद्यार्थ्यांना सांगणे एवढेच. समुद्रात बुडी मारायला शिका, जरूर शिका. पण मोकळ्या पाण्यातले प्रमाणपत्र म्हणजे गुहेचा परवाना नव्हे. काही वर्षांपूर्वी एका बेटाजवळ खडकातील एका काळ्या फटीकडे मीही ओढली गेले होते. आत कुठूनसा निळा उजेड दिसत होता. प्रशिक्षकाने माझा पाय धरून मागे खेचले. वर आल्यावर मी चिडून म्हणाले, "मी फक्त डोकावणार होते." तो म्हणाला, "सगळे फक्त डोकावायलाच जातात." त्या वेळी माझी भौतिकशास्त्रातली डॉक्टरेट पूर्ण झाली होती, आणि वर मांडलेला सगळा हिशेब मला येत होता. तो करण्याचे मात्र सुचले नव्हते.

तंजावर ही कावेरीच्या गाळाची सपाट भूमी. इथे गुहा नाहीत. तरीही परवा तो विद्यार्थी पुन्हा आला. हातात वही होती, त्यात खाणीच्या बिळात शिरू शकेल अशा एका लहानशा यंत्राचे कच्चे चित्र होते आणि शेजारी गाळाच्या कणांची आकडेमोड. घनतेत त्याची एक चूक झाली होती. ती दाखवून मी वही परत दिली आणि म्हटले, "हे पूर्ण कर."