पियानोची तहान

चंद्रपूरच्या एका वाचक भगिनींनी आम्हांस विचारले आहे की, त्यांच्या सासऱ्यांनी पूर्वी मुंबईहून आणलेला एक उभा पियानो घरात आहे. पियानोची निगा कशी राखावी हे सांगणाऱ्या ज्या ज्या पुस्तिका त्यांनी चाळल्या, त्या सर्वांत हिवाळ्यात खोलीतील हवा दमट करणारे यंत्र, म्हणजे ह्युमिडिफायर, अवश्य ठेवावे असे बजावलेले आहे. तेव्हा असे यंत्र कोणते घ्यावे? पुढे त्या लिहितात की, नात आता त्या पियानोवर शिकू लागली आहे. परंतु मधल्या सप्तकातील काही सूर कितीही वेळा लावून घेतले तरी महिन्याभरात उतरतात, आणि घरातील मंडळी वाद्य विकून टाकावे असे म्हणू लागली आहेत.

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात द्यावयाचे तर ते असे, की यंत्र जरूर घ्यावे. मात्र ते हिवाळ्यासाठी नव्हे, चैत्र-वैशाखासाठी घ्यावे. पुस्तिका खोट्या नाहीत. त्या दुसऱ्या देशांच्या आहेत, इतकेच. हा भेद नीट समजला म्हणजे यंत्राची निवड आपोआप सोपी होते. म्हणून प्रथम तोच पाहू.

हवेत पाणी किती मावते हे तिच्या उष्णतेवर अवलंबून असते. ० अंशाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ५ ग्रॅमच्या आतबाहेर पाणी वाफेच्या रूपाने राहू शकते, २० अंशांना सुमारे १७ ग्रॅम, तर ४४ अंशांना सुमारे ६२ ग्रॅम. हवेत मावू शकणाऱ्या पाण्यापैकी किती टक्के पाणी प्रत्यक्ष आहे, यास सापेक्ष आर्द्रता म्हणतात. आणि लाकूड जे ओळखते ते या टक्क्यांना. आता युरोपातील घराचा विचार करावा. बाहेर बर्फ पडत आहे, हवा ० अंशाची आहे. तीच हवा घरात घेऊन शेगडीने २० अंशांपर्यंत तापविली की, ती पाण्याने पूर्ण भरलेली असली तरी तिची आर्द्रता २८ टक्क्यांवर येते. म्हणजे तेथे पियानोचा शत्रू थंडी नसून शेगडी होय. आपल्या चांद्याकडे हिवाळ्यात घर तापविण्याची चाल नाही. मार्गशीर्ष-पौषात पहाटे हवा पुरेशी ओलसर असते आणि दुपारीही आर्द्रता बहुधा ४० टक्क्यांच्या आसपास राहते. पियानो बांधणारे सामान्यतः ४० ते ५० टक्के आर्द्रता उत्तम मानतात. तेव्हा जो ऋतू तेथे वैरी, तोच आपल्याकडे वाद्याचा विसाव्याचा काळ आहे.

आपली शेगडी आकाशात असते, आणि ती पेटते फाल्गुनानंतर. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जाणे ही नवलाची गोष्ट नाही. समजा, त्या हवेत घनमीटरमागे १० ग्रॅम पाणी आहे. तर ४४ अंशांना तिची आर्द्रता अवघी १६ टक्के भरते. आणि हे एवढ्यावरच थांबत नाही. मृगाचा पाऊस लागला की पुढे चार महिने हवा पाण्याने जड होते. या भागात वर्षाकाठी बाराशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, व श्रावण-भाद्रपदात आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे सहज जाते. १५-२० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर, तेही काही आठवड्यांच्या आत! लाकडाला खरे दुखणे जडते ते या हेलकाव्याने. सतत थोडे कोरडे किंवा सतत थोडे दमट हवामान वाद्य सोसते. परंतु आज भूक आणि उद्या अजीर्ण हे त्यास सोसत नाही.

लाकूड पाणी पिते व टाकते, ही गोष्ट जंगलाच्या जिल्ह्यांत कोणास सांगावी लागू नये. आलापल्लीच्या अरण्यातील सागवान सर्वत्र नावाजलेले आहे; २०२३ साली अयोध्येतील राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान रवाना झाले, तेव्हा ही गोष्ट साऱ्या देशाने पाहिली. तोडलेले लाकूड एकदम उन्हात सुकले तर तडकते, म्हणून ते सावलीत, मध्ये हवा खेळेल अशा बेताने रचून हळूहळू वाळविले पाहिजे, हे या धंद्यातील प्रत्येकास ठाऊक असते. बैलगाडीच्या चाकाची गोष्टही तीच. वैशाखात चाकाचे लाकूड आकसते आणि लोखंडी धाव सैल पडते. मग शेतकरी चाक पाण्यात ठेवतो, लाकूड फुगते व धाव पुन्हा घट्ट बसते. पियानोच्या बाबतीत अडचण एवढीच की, तो नदीत नेऊन ठेवता येत नाही.

सुमारे २५ टक्के आर्द्रतेच्या हवेत दीर्घकाळ राहिलेल्या लाकडात त्याच्या वजनाच्या ५ टक्के पाणी उरते. ८० टक्क्यांच्या हवेत तेच १५-१६ टक्क्यांवर जाते. या चढउतारात लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, परंतु रुंदीत आकसते व फुगते. पियानोत हा बदल दोन ठिकाणी बाधतो. पहिले ठिकाण म्हणजे ज्यास साउंडबोर्ड म्हणतात ती स्प्रूस लाकडाची पातळ, किंचित फुगीर फळी. तारांचा दाब तिच्यावर असतो. दमटपणात ती अधिक फुगते व सूर चढतात. कोरडेपणात ती बसते व सूर उतरतात, आणि फारच सुकली तर तिला चीर जाते. दुसरे ठिकाण म्हणजे तारांच्या खुंट्या ज्यात ठोकलेल्या असतात तो जाड लाकडी पाट. पियानोत दोनशेहून अधिक तारा असतात व त्यांचा एकत्रित ताण कित्येक टनांचा भरतो. पाट आकसला की खुंटीवरील त्याची पकड सैल होते आणि लावलेला सूर टिकत नाही. वाचक भगिनींनी लिहिलेले लक्षण या दुसऱ्या दुखण्याशी जुळते. तथापि पकड कायमची गेली आहे की केवळ उन्हाळ्यापुरती ढिली झाली आहे, हे जाणत्या कारागिरास दाखविल्याशिवाय ठरविता येणार नाही. आणि पहिल्या प्रकारातही थोड्या जाड खुंट्या बसवून वाद्य वाचविता येते. तेव्हा विकण्याची घाई करू नये.

आता यंत्राकडे वळू. परंतु त्याच्याही आधी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, आर्द्रतामापक घ्यावा. तो काही शे रुपयांत मिळतो. तो पियानोजवळ, पण भिंतीपासून व उन्हापासून दूर ठेवून सकाळ-संध्याकाळचे आकडे महिनाभर वहीत टिपावेत. ताप न मोजता औषध देणारा वैद्य आणि आर्द्रता न मोजता यंत्र आणणारा गृहस्थ हे दोघे सारखेच धाडसी म्हणावयाचे! दुसरी, पियानोची जागा पाहावी. वर सांगितलेली १० ग्रॅमची हवाच घ्या. गच्चीखालच्या ३८ अंश तापणाऱ्या खोलीत तिची आर्द्रता २२ टक्के भरते. माजघरासारख्या आतल्या, ३२ अंशांवर राहणाऱ्या खोलीत तीच हवा सुमारे ३० टक्के दाखविते. एक थेंबही पाणी न घालता आठ टक्के मिळाले! म्हणजे थंड, सावलीची खोली हे पहिले व फुकटचे यंत्र आहे. पश्चिमेची भिंत आणि उन्हाची खिडकी यांच्याजवळ पियानो कधीही ठेवू नये.

यंत्र किती मोठे हवे, याचाही हिशेब घरबसल्या करता येतो. चार मीटर लांब, चार रुंद व तीन उंच अशा खोलीत ४८ घनमीटर हवा असते. आतल्या खोलीत आर्द्रता ३० वरून ४५ टक्क्यांवर न्यावयाची तर घनमीटरमागे सुमारे ५ ग्रॅम पाणी लागते. एकंदर पाव लिटर. दारे-खिडक्यांच्या फटींतून तासाभरात खोलीतील हवा एकदा बदलते असे धरले, तर दर तासाला पाव लिटर, म्हणजे दिवसाला ६ लिटर. गच्चीखालच्या खोलीत हाच आकडा १२ लिटरांवर जातो. मेजावर ठेवावयाची दोन-तीन लिटरांची शोभिवंत यंत्रे या कामास का पुरत नाहीत, हे यावरून ध्यानी येईल.

यंत्रांच्या जाती मुख्यतः तीन. पहिली, पाणी उकळून वाफ सोडणारी. एक लिटर पाण्याची वाफ करण्यास सुमारे पाऊण युनिट वीज लागते, आणि वैशाखात खोलीत आणखी उष्णता सोडणे हा आगीतून फुफाट्यात जाण्याचा प्रकार होय. तेव्हा ती वर्ज्य. दुसरी, अतिसूक्ष्म कंपनांनी पाण्याचे तुषार उडविणारी, जिला अल्ट्रासॉनिक म्हणतात. ती स्वस्त व शांत असते. परंतु पाण्यातील क्षार तुषारांबरोबर उडून सर्वत्र पांढऱ्या धुळीचा थर बसतो. ज्यांच्या घरी विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी वापरात आहे, त्यांनी ती शुद्ध केलेल्या पाण्याशिवाय वापरू नये. तारा व नमद्याच्या हातोड्या यांस ही धूळ मानवत नाही. तिसरी, ओल्या जाळीतून पंख्याने हवा ओढणारी. आम्ही हिचीच शिफारस करू. तिचे क्षार जाळीतच राहतात, आणि हवा दमट होत जाईल तसतसे तिचे बाष्पीभवन स्वतःहून मंदावते. त्यामुळे एखादे दिवशी बंद करावयास विसरले तरी अनर्थ होत नाही. ठरावीक आर्द्रतेस यंत्र बंद करणारी कळ तिला असावी, टाकी निदान सहा लिटरांची असावी, आणि जाळी व टाकी आठवड्यातून एकदा धुण्याची तयारी असावी. खर्चाची तयारी असल्यास पियानोच्या पेटीतच बसविण्याची, ओलावा देणारी व घेणारी जोडयंत्रणाही मिळते. ती मात्र कारागिराकडूनच बसवून घ्यावी.

येथे कोणीही म्हणेल की, आमच्याकडे कूलर आहेच. तोही ओल्या ताटीतून हवा ओढतो, मग वेगळे यंत्र कशास? शंका रास्त आहे. कूलर हे विदर्भाचे घरगुती ह्युमिडिफायरच होय. परंतु त्याचा झोत फार मोठा व फार दमट असतो, आणि तो दुपारी चालतो, रात्री बंद होतो, वीज गेली की थांबतो. पियानो त्याच्या समोर असेल तर जो हेलकावा आपण वर्षातून एकदा टाळू पाहतो, तो त्यास रोज भोगावा लागतो. म्हणून कूलर शेजारच्या खोलीत लावून मधले दार किलकिले ठेवावे. आर्द्रतामापकाकडे पाहून ते किती उघडावयाचे ते ठरवावे. ज्यांस यंत्राचा खर्च परवडत नाही, त्यांनी खोलीच्या दुसऱ्या टोकाला दोरीवर ओली सुती चादर वाळत घालावी. कोरड्या हवेत ती लवकर सुकते, आणि त्यातील सारे पाणी हवेलाच मिळते. वाद्यावर मात्र ओले फडके कधीही टाकू नये.

मृग लागला की यंत्र धुऊन, कोरडे करून माळ्यावर ठेवावे, आणि गणित उलटे मांडावे. २७ अंश व ८५ टक्के आर्द्रतेची हवा केवळ पाच अंशांनी तापविली तर तिची आर्द्रता ६५ टक्क्यांवर उतरते. म्हणूनच पियानोच्या पेटीत कमी शक्तीचा दिवा किंवा उष्णतेची कांडी लावण्याची पद्धत आहे. ती लाकडास व नमद्यास न टेकेल अशी, माहीतगार तंत्रज्ञाकडून बसवावी. उंदीर व वाळवी यांच्यावरही याच दिवसांत नजर ठेवावी.

ज्या घरी पियानो नाही, त्यांनी हा लेख परक्याचा समजू नये. मिरजेच्या सतार व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु मिरजेच्या हवेत घडलेला तंबोरा चंद्रपूरच्या किंवा गडचिरोलीच्या घरात आला की त्याची तबली, जोड व खुंट्या हाच ताप सोसतात. पेटीच्या पट्ट्या पावसाळ्यात अडकतात त्याचे कारण हेच, आणि तबल्याची पुडी उन्हाळ्यात चढते व पावसाळ्यात उतरते त्याचेही कारण हेच. या सर्वांस तीच आतली खोली व तोच आर्द्रतामापक पुरेल. विजेवर वाजणाऱ्या कीबोर्डास मात्र साउंडबोर्ड नसतो, तारा नसतात. त्याच्यासाठी ह्युमिडिफायर आणू नये.

शेवटी एक सूचना. पियानोचा सूर लावणारा कारागीर आपल्याकडे दुरून बोलवावा लागतो व त्याचा जाण्यायेण्याचा खर्चही द्यावा लागतो. त्यास मे महिन्यात बोलावले तर तो आकसलेल्या लाकडास सूर लावील आणि जुलैत ते सारे श्रम वाया जातील. दिवाळीनंतर महिन्याभराने, लाकूड स्थिरावल्यावर, दरवर्षी त्याच सुमारास त्यास बोलवावे. खुंट्यांची पकड तेव्हाच तपासून घ्यावी आणि आर्द्रतेची वही त्याच्यापुढे ठेवावी. यंत्राचे पैसे तोवर पेटीत राहू द्यावेत. त्यांची गरज होळीनंतर लागेल.